बाबा, आईला उठवताना

केमनिट्स, जर्मनी, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी आईला खाटेवरून उठवलं ते मी पाहिलं. बाबा, तुम्ही तिच्या दोन्ही काखांत हात घातलेत, दम धरलात आणि ओढलंत. आईनं डोळे मिटून सगळं अंग तुमच्यावर सोडून दिलं होतं. उभी राहिल्यावर तुमचा हात आपोआप कमरेकडे गेला, तेही मला दिसलं. त्या रात्री झोप लागली नाही. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "बरं बरं, तू जेवलीस का?" म्हणून विषय बदलता, म्हणून पत्र लिहिते. शिवाय एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली आहे, तीही यातच सांगते.

आमच्या वॉर्डात एक आजी आहेत, 81 वर्षांच्या. आईसारखंच खुब्याचं ऑपरेशन झालंय. पहिले चार दिवस त्या उठायलाच तयार नव्हत्या. हात लावला की अंग ढिलं सोडायच्या, आणि असं ढिलं सोडलेलं माणूस दोघींनाही उचलवत नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्या उशाशी टॅबवर लागलेला व्हिडिओ पाहिला. बर्फावर एक उंच माणूस एका लहानखुऱ्या बाईला डोक्यावर धरून गरागरा फिरत होता. आजी म्हणाल्या, "ही आमच्या गावातली अल्योना."

केमनिट्स हे बर्फावरच्या स्केटिंगचं गाव आहे. कातारिना विट इथेच घडली, 1984 आणि 1988 अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णं तिनं मिळवली. अल्योना साव्चेंको मात्र इथली जन्माची नाही. ती युक्रेनची, कीवच्या दक्षिणेला ओबुखिव्ह नावाचं गाव आहे तिथली. 2002 च्या ऑलिम्पिकला ती जोडीच्या स्केटिंगमध्ये युक्रेनकडून उतरली तेव्हा 18 वर्षांची होती आणि जोडी 15 वी आली. पुढच्या वर्षी ती जोडीदार शोधत या शहरात आली. आई, मी इथे उतरले तेव्हा 26 ची होते, हातात नोकरीचं पत्र होतं, तरी पहिल्या रात्री बाथरूमचा नळ सोडून रडले. ती पोर 19 ची होती.

इथे तिला रॉबिन शोलकोवी मिळाला आणि इंगो श्टॉयर हे प्रशिक्षक. अल्योना आणि रॉबिननं मिळून पाच वेळा जागतिक विजेतेपद घेतलं: 2008, 2009, 2011, 2012 आणि 2014. ऑलिम्पिकचं सुवर्ण तेवढं हुलकावणी देत राहिलं. 2006 ला सहावी, 2010 ला कांस्य, 2014 ला सोचीमध्ये पुन्हा कांस्य. सोचीत अगदी शेवटी त्यांनी थ्रो ट्रिपल ॲक्सल ठेवला होता. म्हणजे त्यानं फेकायचं, तिनं हवेत साडेतीन गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर, एका पात्यावर उतरायचं. ती पडली. त्याच वर्षी रॉबिन निवृत्त झाला. ती 30 वर्षांची, या खेळात म्हातारीच म्हणायची, आणि जोडीदार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. तिनं नवा जोडीदार घेतला, ब्रूनो मासो, फ्रान्सचा, तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आणि तिच्याहून कितीतरी उंच. फ्रान्सकडून मोकळीक मिळायला 30,000 युरो भरावे लागले. तोपर्यंत जवळजवळ दीड वर्ष स्पर्धेत उतरता आलं नाही, नुसता सराव. मग 2016 ला जागतिक कांस्य, 2017 ला रौप्य, मधेच तिच्या घोट्याची दुखापत. आणि ऑलिम्पिकला एका देशाकडून खेळायचं तर दोघांकडे त्या देशाचं नागरिकत्व हवं. नागरिकत्वासाठी जर्मन भाषेची परीक्षा. ब्रूनो त्या परीक्षेत नापास झाला.

आई, बाबा, मीसुद्धा नापास झाले आहे. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा. तुम्ही तीन वेळा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी "रिझल्ट यायचाय" म्हणाले. रिझल्ट सहा आठवड्यांपूर्वी आला. वाचन, लेखन, बोलणं निघालं, ऐकण्यात गेले. बी-टू नाही तोवर माझी भारतातली नर्सिंगची पदवी इथे पूर्ण धरत नाहीत, मी मदतनीस म्हणूनच राहणार आणि पगारही तेवढाच. दिवाळीला जास्त पैसे पाठवीन म्हणाले होते ते म्हणूनच जमलं नाही. आईचं ऑपरेशन तोंडावर होतं, तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. बाबा, तुम्ही कराड डेपोत तीस वर्षं गाड्यांखाली झोपून माझी फी भरलीत. तुमच्याशी खोटं बोलले याचं मला नापास होण्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय.

ब्रूनो परत बसला आणि सुटला. नागरिकत्व 2017 च्या नोव्हेंबरात मिळालं आणि ऑलिम्पिक 2018 च्या फेब्रुवारीत, दक्षिण कोरियात. तीनच महिने हाताशी. पहिल्या दिवशी शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे छोट्या फेरीत, तीन गिरक्यांच्या उडीत त्याच्या दोनच झाल्या. चौथा नंबर, पहिल्या आलेल्या चिनी जोडीपेक्षा जवळजवळ सहा गुण मागे. तिचं पाचवं ऑलिम्पिक होतं ते आणि वय 34. आजी सांगतात, त्या रात्री त्यांनी गजर लावला होता, कारण तिकडची सकाळ म्हणजे इथली पहाट. दुसऱ्या दिवशी ती दोघं उतरली आणि एकही चूक झाली नाही. संपल्यावर बर्फावरच कोसळली. त्या दिवसाचे 159.31 गुण, तेव्हाचा जागतिक विक्रम. एकूण 235.90. चिनी जोडीचे 235.47. अर्ध्या गुणाचाही फरक नाही. 1952 नंतर जर्मनीला जोडीचं सुवर्ण तेव्हा मिळालं.

मी तो व्हिडिओ आता दहा-बारा वेळा पाहिला असेल. पहिल्यांदा सगळ्यांसारखी मीही ब्रूनोचे दंडच बघत होते. आजींनी टॅब थांबवला आणि म्हणाल्या, तिच्याकडे बघ. मग दिसलं. तो उचलायच्या आधी ती स्वतः उडी घेते. त्याच्या हातावर आपला हात रोवून दाबते. वर गेल्यावर पोट, पाठ, मांड्या, सगळं एखाद्या काठीसारखं ताठ. तिनं क्षणभर अंग सोडलं तर तो कितीही ताकदवान असो, दोघं पडतील, आणि जोडीच्या स्केटिंगमध्ये बाई पडते ती डोक्याच्याही वरून, बिनहेल्मेटची, बर्फावर. उचललं जाणं हे निम्म्याहून जास्त तिचं काम आहे. दुसऱ्या दिवशी आजी माझ्यासोबत उभ्या राहिल्या. मी नुसता हात लावला होता.

तर बाबा, काखेत हात घालायचा नाही, त्यानं आईचा खांदा निखळेल आणि तुमची कंबर जाईल. तुमचा तो डेपोतला रुंद पट्टा कपाटात असेल, तो आईच्या कमरेला बांधा आणि तिथे धरा. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. खाट सखल आहे, खाली लाकडी ठोकळे द्या; डॉक्टरांनी खुबा फार वाकवू नका सांगितलंय ना.

आई, आता तुझं काम. आधी खाटेच्या कडेपर्यंत सरकायचं. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, चांगला पाय खाली आपल्याकडे. दोन्ही हात खाटेवर रोवायचे आणि तू स्वतः दाबून उठायचंस. उभी राहिलीस की मग वॉकर धरायचा, वॉकरला धरून उठायचं नाही. डोळे उघडे. बाबांच्या गळ्यात पडायचं नाही. तुला भीती वाटते हे मला माहीत आहे, तू लपवतेस तरी. मीही तुझीच मुलगी.

पुढच्या महिन्यात मी परत परीक्षेला बसते आहे. आजी रोज दुपारी मला इथल्या बोलीत बातम्या वाचून दाखवतात आणि मग प्रश्न विचारतात. रिझल्ट जो लागेल तो त्याच दिवशी सांगेन.

रविवारी फोन करीन तेव्हा मोबाईल खिडकीत, खाटेसमोर ठेवा. मला तुम्ही दोघं पूर्ण दिसायला हवेत. आणि एक-दोन-तीन बाबांनी मोजायचं नाही. आई मोजेल.

तुमची,
छकुली