एकदाच लिहिलेली माहिती सगळ्या अर्जांत: एका ताईंचे जाहीर आभार

सोलापूर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये, ही आपण घातलेली अट पाळूनच हे पत्र लिहीत आहे. आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाने आपल्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर केला असून त्याची प्रत आपल्याकडे रीतसर पोहोचेल. परंतु सभासदाची माहिती एकदाच लिहून ती सगळ्या अर्जांत आपोआप भरण्याची व्यवस्था लावताना आपण नेमके काय केलेत, ते ठरावाच्या भाषेत येत नाही, आणि ते आपल्या शहरातील इतर पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही कळावे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे जाहीर पत्र.

आमचे सभासद कोण आहेत, हे आपण जाणताच. यंत्रमागावर आणि टॉवेलच्या कारखान्यांत काम करणारे कामगार, विड्या वळणाऱ्या भगिनी, पेठांमधील लहान दुकानदार. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या तोंडावर कर्जाच्या मागण्या एकदम वाढतात, आणि रक्कम लहान असली म्हणून कागद कमी लागत नाहीत. सभासदत्वाचा अर्ज, कर्जमागणी अर्ज, वचनचिठ्ठी, करारनामा, दोन जामीनदारांची जामीनपत्रे, वारस नोंदीचा अर्ज, केवायसी म्हणजे ओळख आणि पत्त्याच्या पडताळणीचा अर्ज, पगारातून हप्ता कापून घेण्याचे संमतीपत्र, बँकेचा नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी) आणि विम्याचा अर्ज, एवढे सगळे एका प्रकरणात येते. या प्रत्येक कागदावर तेच नाव, तोच पत्ता, तीच जन्मतारीख आणि तोच सभासद क्रमांक आमच्या क्लार्क भगिनी पुन्हा पुन्हा टंकत असत.

त्यात सोलापूरच्या नावांचा प्रश्न वेगळाच आहे. आमच्या सभासदांच्या घरांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा बोलल्या जातात. तेलुगू घरांत आडनाव आधी सांगण्याची रीत आहे, मराठी अर्जात ते शेवटी येते, आणि बँकेच्या इंग्रजी अर्जात कधी आधी तर कधी शेवटी विचारले जाते. एकाच आडनावात एका कागदावर ‘ल’ आणि दुसऱ्यावर ‘ळ’ पडतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकलेले कर्ज वसूल करण्याच्या अधिकृत दाखल्यासाठी, प्रकरण दाखल करण्याची वेळ आली, तर अर्जावरचे नाव आणि वचनचिठ्ठीवरचे नाव निराळे असणे म्हणजे समोरच्याला हरकत घेण्यासाठी आयती जागा देणे होय. म्हणून वेळ वाचवण्यापेक्षाही, सर्व कागदांवर नाव अक्षरशः एकच असले पाहिजे, ही आमची खरी गरज होती. आपण ती पहिल्याच बैठकीत ओळखलीत.

आपण आलात तेव्हा आम्ही संगणक सुरू करून ठेवला होता. आपण त्याच्याकडे पाहिलेही नाही. सगळ्या कोऱ्या अर्जांच्या प्रती मागवून त्या सभागृहाच्या टेबलावर ओळीने मांडल्यात आणि लाल पेनने एकेका रकान्याखाली रेघ ओढत, ‘ही माहिती आणखी कोठे आली आहे?’ असे प्रत्येक रकान्याबाबत विचारत गेलात. एकाच माणसाला आमचे कागद किती वेगवेगळ्या शब्दांनी ओळखतात, हे आम्हाला त्या टेबलावर प्रथम दिसले. सभासदत्वाच्या अर्जावर तो ‘अर्जदार’, करारनाम्यात ‘कर्जदार’, वचनचिठ्ठीवर ‘लिहून देणार’ आणि संमतीपत्रावर ‘खाली सही करणार’ असतो. या सगळ्या रकान्यांना आपण एकच अंतर्गत नाव, म्हणजे कागदावर न दिसणारे, संगणकापुरते नाव दिलेत.

त्यानंतर जे सांगितलेत, ते या कामाचे मर्म आहे असे मी मानतो. जामीनपत्रावरही ‘लिहून देणार’ असाच मजकूर आहे. परंतु तेथे लिहून देणारा जामीनदार असतो. रकान्याशेजारी जे छापले आहे त्यावरून रकान्याचे नाव ठरवले असते, तर कर्जदाराचे नाव जामीनदाराच्या जागी जाऊन बसले असते, आणि तोही कागद वरवर पाहता पूर्ण आणि व्यवस्थित भरलेला दिसला असता. म्हणून रकान्याचे नाव छापील मजकुरावरून न ठरवता त्या जागी कोणत्या व्यक्तीची कोणती माहिती येते यावरून ठरवायचे, हा नियम आपण घालून दिलात. कर्जदार, पहिला जामीनदार, दुसरा जामीनदार, वारस अशा व्यक्ती आधी निश्चित झाल्या, आणि मग प्रत्येकाचे आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता, जन्मतारीख. ही नावे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, बिंदूने जोडून लिहायची, कारण पीडीएफच्या रचनेत बिंदू हा मुख्य गट आणि त्यातील भाग यांना जोडणारा असतो, हेही आपण समजावून सांगितलेत.

ज्यांना हे तंत्र ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहितो. भरता येणाऱ्या पीडीएफ अर्जातील प्रत्येक रकान्याला, पडद्यावर न दिसणारे असे एक नाव असते. 1996 च्या पीडीएफ 1.2 या आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि 2008 मध्ये पीडीएफ हे आयएसओ 32000 या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाले तेव्हा तीही त्या मानकात आली. एकाच फाइलमध्ये एकाच नावाचे रकाने कितीही असले, तरी त्यांची किंमत, म्हणजे आत भरलेला मजकूर, एकच राहते: एक भरला की बाकीचे आपोआप भरतात. वेगवेगळ्या फाइलींमध्ये मात्र हे आपोआप घडत नाही. तेथे माहिती एका फाइलीतून बाहेर काढून दुसरीत घालावी लागते, आणि त्यासाठी एफडीएफ किंवा त्याचेच एक्सएमएल रूप असलेली एक्सएफडीएफ ही फाइल वापरली जाते. आपण ती नोटपॅडमध्ये उघडून दाखवलीत. त्या फाइलीत अर्जाचा छापील मजकूर नव्हता की रेघा नव्हत्या. फक्त रकान्याचे नाव आणि त्याची किंमत, पुन्हा नाव आणि किंमत, एवढेच. अशी फाइल अर्जात आयात केली की जुळणाऱ्या नावांचे रकाने भरतात आणि ज्या नावाचा रकाना त्या अर्जात नाही ती माहिती बाजूला राहते. म्हणून एका सभासदाची एकच फाइल आमच्या सगळ्या अर्जांना पुरते.

मूळ माहिती लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन प्रोग्राममधील कॅल्कच्या तक्त्यात ठेवायची, असे आपण ठरवलेत. दर सभासदामागे एक ओळ आणि दर रकान्यामागे एक स्तंभ. आडनाव, नाव आणि मधले नाव यांचे स्तंभ स्वतंत्र ठेवून पूर्ण नाव सूत्राने जोडले जाते, त्यामुळे कोणता अर्ज कोणत्या क्रमाने नाव मागतो याची चिंता उरली नाही. काही अर्जांत जन्मतारखेचा दिवस, महिना आणि वर्ष यांसाठी वेगवेगळ्या चौकटी आहेत. तारीख एकदाच लिहून तिचे तुकडेही सूत्रानेच होतात. खाते क्रमांकांचा स्तंभ मजकूर म्हणून ठेवण्याची आपली सूचना लहान वाटली, तरी तिच्यामुळे क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये आता गळत नाहीत. या तक्त्यातील एकेका ओळीची एक्सएफडीएफ फाइल तयार करून पीडीएफटीके या मुक्त साधनाने सर्व अर्ज भरणारी, पायथन या संगणकीय भाषेतील छोटी स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी) आपण लिहून दिलीत, आणि तिच्यातील प्रत्येक टप्प्यावर मराठीत टीप लिहिलीत, जेणेकरून आमच्या क्लार्क भगिनींना ती वाचून समजावी.

त्या स्क्रिप्टमधील तपासणीबद्दल स्वतंत्रपणे लिहिलेच पाहिजे. नाव जुळले नाही तर पीडीएफटीके कोणतीही तक्रार करत नाही. रकाना रिकामा सोडून पुढे जाते. आपण प्रत्येक अर्जातील रकान्यांची यादी आधी काढून ती तक्त्याशी ताडून पाहण्याची व्यवस्था केलीत, आणि जो रकाना जुळत नाही त्याचे नाव पडद्यावर येते. खुणेच्या चौकटींचाही असाच मुद्दा होता. चौकटीवर खूण उमटण्यासाठी कोणता शब्द पाठवायचा हे तो अर्ज तयार करणाऱ्याने ठरवलेले असते. एका अर्जात ‘येस’ चालते, तर दुसऱ्यात ‘ऑन’ लागते. हे शब्द प्रत्येक अर्जातून शोधून आपण त्यांचे कोष्टक लावून दिलेत.

मराठी मजकुराच्या बाबतीत आपला निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. छपाईच्या व्यवसायात आपण अनेक वर्षे काम केल्यामुळे फॉन्टचे सारे खाचखळगे आपल्याला माहीत आहेत. आमचे कित्येक नमुने जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची सामाईक संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये होते. त्यांत दिसायला देवनागरी असली तरी आत साठवलेली अक्षरे रोमन संकेतांची असतात, म्हणून तो मजकूर दुसऱ्या फाइलीत नेला की वाचता येत नाही. ते सर्व नमुने आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. त्यानंतरही पीडीएफच्या रकान्यातील देवनागरीवर विसंबू नये, हे आपण प्रयोग करून दाखवलेत: तीच फाइल एका प्रोग्राममध्ये उघडली तर जोडाक्षरे नीट दिसतात, दुसऱ्यात तुटतात आणि तिसऱ्यात नुसत्या चौकटी उमटतात, कारण रकान्याला नेमलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते किंवा तो प्रोग्राम अक्षरांची जुळणी करत नाही. साठवलेली माहिती बरोबर असूनही छापील कागद चुकीचा निघणे वचनचिठ्ठीच्या बाबतीत परवडणारे नाही.

म्हणून आपण काम दोन वाटांनी नेलेत. केवायसी, विमा आणि नॅच मँडेट हे इंग्रजी अर्ज पीडीएफच्या रकान्यांत भरायचे. वचनचिठ्ठी, करारनामा, जामीनपत्र असे मराठी दस्तऐवज लिब्रेऑफिस रायटरच्या मेल मर्जने, म्हणजे तक्त्यातील माहिती मसुद्यात आपोआप घालणाऱ्या सोयीने, तयार करून मगच त्यांची पीडीएफ काढायची, कारण रायटर देवनागरीची जोडाक्षरे व्यवस्थित जुळवतो. दोन्हींचा तक्ता एकच. त्यात नावाचे मराठी स्तंभ आहेत आणि आधार कार्डावर जसे आहे तसेच इंग्रजी स्तंभही आहेत. सगळे एकाच साधनाने करून दाखवण्याचा मोह एखाद्याला झाला असता. आपण मात्र आमच्या कागदांना काय झेपेल ते पाहिलेत.

बाहेरून येणाऱ्या अर्जांचे रकाने आमच्या नावांनी बांधलेले नसतात. काहींत तर रकान्यांना केवळ ‘टेक्स्ट’ आणि पुढे क्रमांक एवढेच नाव असते. अशा प्रत्येक अर्जासाठी, आमचे कोणते नाव त्यांच्या कोणत्या रकान्याशी जोडायचे, याची जोडसूची करायला आपण आमच्या क्लार्क भगिनींना शिकवलेत. अलीकडे विम्याच्या अर्जाचा नमुना बदलला तेव्हा त्यांनी नवी जोडसूची स्वतः तयार केली, आणि आपल्याला फोन करावा लागला नाही. हे वाचून आपल्याला समाधान वाटेल, याची मला खात्री आहे.

एका धोक्याची सूचना आपण दिली होती, ती इतरांसाठी येथे नोंदवतो. एका सभासदाचे सगळे अर्ज एका पीडीएफमध्ये जोडले तर समान नावांचे रकाने एकमेकांशी जुळतात, आणि तेथे ते उपयोगाचेच असते. पण दोन सभासदांचे भरलेले अर्ज तसेच एकत्र जोडले, तर एकाचे नाव दुसऱ्याच्या कागदावर चढू शकते. म्हणून भरलेला अर्ज आधी सपाट करायचा, म्हणजे रकाने काढून टाकून मजकूर पानावर कायम करायचा, आणि त्यानंतरच फाइली एकत्र करायच्या.

माहितीच्या सुरक्षिततेबाबत आपण जेवढा आग्रह धरलात, तेवढा आमच्यापैकी कोणी धरला नसता. एक्सएफडीएफ फाइल साध्या मजकुराची असते आणि ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येते, म्हणून अर्ज भरून झाले की स्क्रिप्ट ती पुसून टाकते. तक्त्याला संकेतशब्द आहे, तो पेनड्राइव्हवर न्यायचा नाही, आणि जेथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तेथे शेवटचे चारच अंक छापायचे. आमचे सभासद विश्वासाने कागद देतात. त्यांच्या वतीने आपण हा विचार केलात, याचे ऋण मोठे आहे.

आता कर्जमागणी आली की क्लार्क भगिनी सभासदाला शेजारी बसवून तक्त्यातील त्याची ओळ वाचून दाखवतात. नावातील एखादे अक्षर चुकले असेल तर सभासद स्वतः सांगतो, ते एका ठिकाणी दुरुस्त होते, आणि सगळे कागद त्याच नावाने निघतात. ज्या भगिनींना वाचता येत नाही, त्यांना आपले नाव कागदावर कसे पडणार आहे हे सही किंवा अंगठा देण्यापूर्वी ऐकायला मिळते. याआधी दहा कागद वाचून दाखवायला आमच्याकडे वेळ नसे.

या कामाचे मानधन आपण घेतले नाहीत. त्याऐवजी रकान्यांच्या नावांचा तक्ता मागणाऱ्या कोणत्याही पतसंस्थेला तो विनामूल्य द्यावा, असे आपण सुचवलेत, आणि संचालक मंडळाने ते मान्य केले आहे. सभासदांची कोणतीही माहिती नसलेला कोरा तक्ता, स्क्रिप्ट आणि मराठी दस्तऐवजांचे नमुने आमच्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत मिळतील, आणि ते कसे वापरायचे हे आमच्या क्लार्क भगिनी समजावून सांगतील.

आपला कृतज्ञ,
सचिव, आपल्या परिचयाची पतसंस्था
सोलापूर