पावडर पकडलीत, पोराचं काय?

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्याकडे व्यसनमुक्तीच्या रॅलीला आला होतात. जिल्हा रुग्णालयात महिन्याभरात मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक बसवतो, असं माइकवरून म्हणालात. परवा मुलाला घेऊन गेलो. खोलीला पाटी आहे, पाटीवर आपला फोटो आहे, आत सलाईनचे खोके आहेत. शिपाई म्हणाला, "काका, खासगी केंद्र बघा." बघितलं साहेब. तिथे व्याजाने काढलेले पैसे भरले आणि पोराने पट्ट्याचा मार खाल्ला.

मुलगा आयटीआय झालेला. रात्री कंत्राटी पाळी, दिवसा पार्सलं पोचवायची. झोप येऊ नये म्हणून सोबतच्याने एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशेची पावडर दिली. कंत्राट संपलं, एमडी सुटली नाही. घरात आम्ही टोमणे मारायचो, नातेवाइकांनी येणंजाणं तोडलं, बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. कट्ट्यावर मात्र त्याला कोणी हिणवत नव्हतं. केंद्रातून आला तर तोच कट्टा, तीच पोरं, तीच बेकारी. आठवडाही टिकला नाही. आणि आपण भाषणात म्हणता, पालकांचं लक्ष नसतं! बारा तास मशीनवर उभं राहून लक्ष कसं ठेवायचं, तेवढं आपल्या पीएंना सांगायला लावा.

एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून सूट. पण उपचार सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रातच हवेत. म्हणजे आमच्या जिल्ह्यात त्या सलाईनच्या खोक्यांमध्ये! फौजदारांना कलम दाखवलं तर ते हसले. उलट ड्रग्जच्या गुन्ह्यातला आरोपी पुण्याच्या ससून रुग्णालयात महिनोन्महिने 'उपचार' घेत होता आणि २०२३ मध्ये तिथून पळाला. मोठा माल असला की खाट मिळते, असं समजायचं का?

एम्सच्या २०१९ च्या पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते. दारूचं सोडा, ती तर आपली लाडकी. २०२५ मध्ये शुल्क वाढवताना वर्षाला जादा १४ हजार कोटी दिसले ना? त्यात एका समुपदेशकाचा पगार बसत नाही? एमडीच्या कारखान्यांवर धाडी घाला, फोटो काढा, आमची हरकत नाही. पण पोरांना रात्रंदिवस राबवून वाऱ्यावर सोडणारी कंत्राटं कोणाच्या सह्यांनी चालतात, त्यांच्यावर धाड कधी?

खोली उघडायची नसेल तर पाटी तरी काढा. आणि पुढच्या रॅलीसाठी आमच्या कंपनीतून माणसं उचलायला बस पाठवू नका.

आपला,
एक कामगार बाप