पिग्मीवाल्यांचे पैसे आधी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुडालेल्या मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत कारभार असलेल्या, पतसंस्थांच्या ठेवीदारांनी काढलेल्या मोर्चाची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबतच्या फोटोत मुदत ठेवीच्या पावत्या उंच धरलेली माणसं होती. त्यातले काही चेहरे माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण ज्यांच्याकडे उंच धरायला पावतीच नाही, असे हजारो लोक मराठवाड्यात आहेत. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी अंबाजोगाईत पिग्मी, म्हणजे रोज दारोदार फिरून घेतली जाणारी लहान ठेव, गोळा करायचे. मंडी बाजार, मोंढा, बसस्थानक आणि सरकारी मेडिकलच्या समोरची चहा-नाष्ट्याची दुकानं ही माझी लाईन. माझे पती आजारी पडले तेव्हा घर चालवायला हे काम धरलं आणि बारा-तेरा वर्षं केलं. दुपारी चारला निघायचं आणि रात्री नऊपर्यंत फिरायचं. कुणी पन्नास देई, कुणी शंभर, सोमवारच्या मंद धंद्याला कुणी वीसच. शेकड्याला तीन रुपये कमिशन मिळायचं. नेमणूकपत्र नव्हतं. बँकांसाठी अशा ठेवी गोळा करणारे हे कामगारच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 सालीच म्हटलं होतं, हे मला संस्था बंद पडल्यावर एका वकिलांकडून कळलं. पण माझं राहू द्या.

पिग्मी कोण भरतं, हे शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. ही पद्धत उडुपीच्या ज्या बँकेने 1928 साली सुरू केली, ती पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. दिवसाला दोन आणे टाकू शकणाऱ्या माणसालाही खातं असावं, हा त्यामागचा विचार. आजही भरणारी माणसं तीच आहेत. योगेश्वरीच्या देवळाकडे फुलं-ओटी विकणारी मावशी, पंक्चर काढणारे चाचा, भेळगाडा, इस्त्रीवाला, दवाखान्यासमोर डबे पोचवणारी बाई. बँक उघडते तेव्हा यांचा धंदा लागलेला असतो आणि यांना सवड होते तेव्हा बँकेचं शटर खाली आलेलं असतं. दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा घेऊन काउंटरवर गेलं की शिपाईसुद्धा तोंड वाकडं करतो. त्यापेक्षा दारात येऊन पैसे नेणारी ओळखीची बाई बरी, एवढाच त्यांचा हिशेब होता.

म्हणूनच एक वाक्य मला फार लागतं. टीव्हीवरच्या चर्चेत, कचेरीत, शिकल्या-सवरलेल्या लोकांच्या तोंडी ते येतं. 'जास्त व्याजाच्या हावेने गेले, भोगा.' मुदत ठेवींना बँकेपेक्षा जास्त व्याज होतं, हे खरं आहे. पण पिग्मीला व्याज कितीसं असतं? वर्षाच्या आत मोडली तर काहीच नाही, उलट थोडी कापून मिळायची. वर्षभर रोज शंभर रुपये भरणाऱ्याला शेवटी जी रक्कम मिळायची, ती जवळपास त्याचीच मुद्दल असायची. ती एकरकमी हाती यावी, मधेच खर्च होऊ नये, एवढ्यासाठी लोक पिग्मी भरत. यात हाव कुठे आली?

आमच्या शाखेच्या दारावर बोर्ड होता, 'सतत ऑडिट वर्ग अ'. उद्घाटनाला मोठे पुढारी आले होते, त्यांचे फोटो आत भिंतीवर होते. आतल्या काचा, एसी, गणवेशातली मुलं पाहून कुणालाही ती बँकच वाटावी. लोक बँकच म्हणायचे. सहकारी संस्थांनी नावात 'बँक' हा शब्द वापरू नये आणि अशा संस्थांतल्या ठेवींना विमा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2021 साली जाहीर सांगितलं होतं. ते भेळवाल्यापर्यंत कोण पोचवणार होतं? 2020 पासून बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ते पैसे नव्वद दिवसांत देण्याची तरतूद आहे. पतसंस्थेत, मग ती साधी असो की मल्टिस्टेट, यातलं काहीच लागू नाही. आणि मल्टिस्टेट म्हटलं की तिचा निबंधक थेट दिल्लीत. तक्रार घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे गेलं की 'आमच्या अखत्यारीत नाही' हे उत्तर ठरलेलं.

संस्था एकदम बंद पडली नाही. आधी 'सर्व्हर डाऊन आहे', मग 'पुढच्या सोमवारी या', मग दिवसाला पाच हजारांच्या वर मिळणार नाहीत, मग दोन हजार, आणि एका सकाळी कुलूप. मुख्य कार्यालयातून व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ येत होते की कुणीही घाबरू नका, पै न पै सुरक्षित आहे. पुढे गुन्हा दाखल झाला. ठेवी संचालकांच्याच कंपन्यांना कर्ज म्हणून दिल्या गेल्या, असा आरोप आहे. तो कोर्टात ठरेल.

आता मुद्द्यावर येते. गुन्हा नोंदल्यावर ठेवीदारांना अर्ज भरायला सांगितलं. अर्जासोबत मूळ पावती किंवा खातेपुस्तक, आधार, बँकेचं पासबुक. मुदत ठेववाल्यांकडे जाड कागदाची, शिक्का-सहीची पावती असते. पिग्मीवाल्याकडे काय असतं? रोज मी हातातल्या मशीनमधून काढून दिलेली बोटभर चिठ्ठी. फुलवाल्या मावशीने त्या सगळ्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या बरणीत जपून ठेवल्या होत्या. माझ्यासमोर तिने बरणी उपडी केली, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या कोऱ्या. त्या कागदाला उष्णता लागली की अक्षरं उडतात आणि तिचं घर पत्र्याचं. काहींवर फक्त वरचं संस्थेचं नाव उरलं होतं, काहींवर तारीख, एका चिठ्ठीवर नुसतं '50'. तिला वाचता येत नाही, म्हणून ती एकेक चिठ्ठी मला दाखवून विचारत होती, 'ही चालंल का ताई?' खातेपुस्तकं तर बहुतेकांची शाखेतच राहिली. महिनाअखेरीला नोंदी करायला मीच ती जमा करून नेत असे आणि शाखा सील झाली तेव्हा ती आतच होती. आजही आतच असतील.

म्हणजे ज्याची रक्कम मोठी, त्याच्याकडे पुरावाही मजबूत. ज्याची रक्कम लहान, त्याचा पुरावा एकतर उडून गेला किंवा सरकारच्याच कुलपात पडला. असे अर्ज 'कागदपत्रे अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवले जातात. अनेकांनी तर अर्जच केला नाही, कारण एक दिवस बीडला जायचं म्हणजे त्या दिवसाचा धंदा बुडतो, वर एसटीचं भाडं आणि झेरॉक्सचा खर्च.

त्यातही लुबाडणारे आहेतच. प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लागतं, असं सांगून लोकांकडून पैसे घेतले गेले. शासकीय कार्यालयात आणि कोर्टात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. हे कचेरीबाहेर मोठ्या अक्षरात लिहून लावायला काय हरकत आहे? 'तुमची फाईल वर घेतो' म्हणून चहापाण्याचे दोनशे-तीनशे मागणारी माणसंही तिथेच घुटमळत असतात. आधीच बुडालेल्या माणसाकडून हे घेतलं जातं. मला तिथे उभं राहून हे पाहवत नाही.

या पैशांवाचून लोकांचं काय झालं, तेही सांगते. डबेवाल्या बाईच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि पिग्मी त्याच फीसाठी चालली होती. कानातलं गहाण ठेवून पहिला हप्ता भरला. दुसऱ्या वर्षी मुलगी घरी आली, आता एका मेडिकल स्टोअरवर उभी राहते. चाचांना नवा कॉम्प्रेसर घ्यायचा होता. जुना बंद पडला तेव्हा त्यांनी महिना शेकडा पाचने पैसे उचलले, म्हणजे वर्षाला साठ टक्के. बायकांनी फायनान्सच्या गटांतून कर्जं घेतली, त्यांचा हप्ता आठवड्याला येतो आणि एकीचा चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. पूर्वी याच बाया मला हप्ता देत, तो त्यांच्या स्वतःच्या शिल्लकीचा होता. आता तेवढीच रक्कम त्या देतात, पण व्याजात. केज-धारूरकडच्या एका ऊसतोड जोडप्याने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले पैसे लेकीच्या लग्नासाठी आमच्याकडे ठेवले होते. लग्न लावून दिलं, पण पुन्हा उचल घेऊन, आणि ती फेडायला शाळेतल्या पोराला घेऊन दोघं कारखान्यावर गेले.

लोकांचा कशावरच विश्वास उरलेला नाही. रोजचे पैसे आता पत्र्याच्या डब्यात, गादीखाली, नाहीतर भिशीत. भिशीवाली पळाली तर काय, ही धाकधूक आहेच. माझ्याशी काहीजण बोलत नाहीत. रात्री दारावर येऊन शिव्या देणारेही आहेत. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांनी पैसे संचालकाला दिले नव्हते, माझ्या हातात दिले होते. माझीही शिल्लक त्याच संस्थेत आहे, हे त्यांना सांगून काय उपयोग?

माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा 1999 पासून आहे. संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करून विकायची आणि आलेल्या पैशाचं ठेवीदारांत न्याय्य वाटप करायचं, असं तो सांगतो. जप्ती, लिलाव, हरकती यात वर्षं जातात, हे आम्ही समजून घेतलं आहे. पण पहिला पैसा हाती येईल तेव्हा तो टक्केवारीने सगळ्यांना सारखा वाटायचा की लहान खात्यांना आधी पूर्ण द्यायचा, हे तरी आताच ठरवा. दहा टक्के वाटले, तर दहा लाखवाल्याला एक लाख मिळतील आणि वीस हजारवाल्या मावशीला दोन हजार. त्या दोन हजारांत तिचं काहीच सुटत नाही. सहाराच्या सहकारी संस्थांच्या बाबतीत लहानांना धरूनच सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2023 च्या आदेशानंतर पाच हजार कोटी वेगळे काढले गेले, जुलैत पोर्टल सुरू झालं, पहिल्यांदा दर ठेवीदाराला दहा हजारांपर्यंत आणि पुढे 2024 मध्ये पन्नास हजारांपर्यंत रक्कम मिळू लागली. त्याही संस्था मल्टिस्टेटच होत्या. मग तेच मराठवाड्यातल्या ठेवीदारांसाठी का नको?

आणि पुराव्याचं काय करायचं, तेही सांगते, कारण ते काम मी केलेलं आहे. आमच्या मशीनमधली रोजची वसुली रात्री शाखेच्या संगणकात उतरायची आणि तिथून मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर जायची. प्रत्येक खात्याचा रोजचा आकडा तिथे आहे. सर्व्हर तपास यंत्रणेच्या ताब्यात असेल, तर त्यातून पिग्मी खात्यांची शाखावार यादी काढा आणि नगरपरिषदेत, तहसीलमध्ये लावा. सील केलेल्या शाखांमध्ये पडलेली खातेपुस्तकं पंचनामा करून ज्याची त्याला द्या. आमच्यासारख्या प्रतिनिधींकडे वसुलीच्या वह्या आहेत. माझ्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत, नाव आणि रकमेसकट. या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्यांनी बोलावलं तर त्या घेऊन मी यायला तयार आहे, यादीशी ताडून बघायलाही बसेन. अजून कुणी बोलावलेलं नाही.

आपली,
एक पिग्मी प्रतिनिधी
अंबाजोगाई, जि. बीड

(घरी लहान मुलं आहेत आणि रात्री-अपरात्री लोक दारावर येतात, म्हणून नाव छापू नये ही विनंती. नाव-पत्ता आपल्या कार्यालयासाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे.)