साक्षगंधाच्या आधी

इंदोरा, नागपूर
१२ मे

ती. आई-बाबा,
सप्रेम जयभीम.

रक्तातल्या सिकलसेलचं नाव काढलं की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून लिहून पाठवतेय.

पिंटूला पवनीकडचं स्थळ आलं, आनंद आहे. पण साक्षगंधाच्या आधी त्याची तपासणी करा. इतकी वर्षं लॅबमध्ये लोकांची केली, परवा पहिल्यांदा स्वतःची केली. नळीमागे रेघांचा कागद धरतात, सिकल नसलं तर रेघ दिसते. माझी दिसली नाही. पुढची तपासणीही केली: एएस. म्हणजे मी वाहक, मला सहसा त्रास नाही. पण हे तुमच्यापैकी निदान एकाकडून आलंय. आई, मामा आठव. एकोणिसाव्या वर्षी गेला आणि आपण अजून "वात होता" म्हणतो.

आमच्या गल्लीत टिनपत्र्याच्या खोलीत अकरा वर्षांची पोरगी आहे, एसएस, म्हणजे तिला आजारच आहे. तिच्या चिठ्ठीवर दर वेळी तेच: भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका. पाणी कमी पडलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पोरगी गुडघे पोटाशी धरून रात्रभर कण्हते. पारा ४५ वर आहे, रात्री अकरालाही टिनाला हात लावता येत नाही. नळ गल्लीच्या तोंडाशी. घरात पाच माणसं, पाण्याचे गुंड दोन. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण ती आणायची म्हणजे तिच्या आईचा एक खाडा. ती चार घरी धुणीभांडी करते. चारही घरी कूलर आहेत, त्यांत पाणी रोज तीच भरते.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेल २१ दिव्यांगत्वांत धरलाय. प्रमाणपत्रासाठी तिच्यासोबत मी चारदा गेले. "पोरगी तर चालते की," खिडकीवरचा म्हणाला. माझं डोकंच फिरलं, पण ते जाऊ द्या.

बाबा, "हे आपल्याच लोकांना का" असं तुम्ही विचारलं होतं. आपल्यात जास्त, गोंडांत जास्त, ओबीसींतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसं मेली, तिथे वाहक जास्त तगले, म्हणून ते रक्त टिकलं. यात लाजण्यासारखं काय आहे? लपवून मात्र मामा गेला.

पिंटू एएस निघाला तरी लग्न मोडायचं नाही. मुलीचीही तपासणी करायची, एवढंच. दोघंही एएस असले तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. ते आधी कळलं तर डॉक्टरांशी वेळेवर बोलता येतं. २०२३ च्या जुलैत केंद्राने जी मोहीम काढली, तिच्यात ४० पर्यंतच्यांची तपासणी आहे. तुम्ही दोघं त्यात बसत नाही, तरी चला. मी रविवारी येते, सोमवारी चौघंही ग्रामीण रुग्णालयात जाऊ. त्या दिवशी धानाचं काम काढू नका.

आणि आई, माळ्यावरचा तो जुना पितळी गुंड घासून ठेव. येताना घेऊन येईन, त्या पोरीच्या घरी द्यायचाय.

तुमची,
ताई