टेबल घेतलं आणि घासून बसलो

प्रिय विन्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसत बसला असतास आणि पुढचं ऐकलं नसतंस, म्हणून लिहितोय. मागच्या शनिवारी इथे कोपनहेगनमध्ये जुन्या सामानाच्या दुकानात एक कॉफी टेबल मिळालं. सागवानी, साधारण साठच्या दशकातलं, गोल पाय खाली निमुळते होत गेलेले, आणि खाली पेपर-मासिकं ठेवायला वेताने विणलेला कप्पा. वेत एका कोपऱ्यात तुटलाय, पण बाकी शाबूत. इथे त्याला सोफाबोअर म्हणतात, लिहिताना शेवटी ड असतो पण तो बोलताना गिळून टाकतात, दोन वर्षं झाली तरी मला जमत नाही.

वर कुंडी ठेवून पांढरं गोल वर्तुळ उठलं होतं म्हणून स्वस्तात मिळालं. मी म्हटलं सागवान आहे, घासलं की झालं. शेजाऱ्याकडून घासायचं मशीन आणलं, बाल्कनीत बसलो, आणि खरं सांगतो, पहिला भुसा उडाला आणि डायरेक्ट तुमच्या वखारीतला वास! तोच तेलकट, चामड्यासारखा. इथे शून्याच्या जरा वर टेंपरेचर आणि माझ्या नाकात बल्लारशाचा साग.

असं वाटलं, डेन्मार्कमध्ये कुठून आलं हे, इथे तर सागाचं एक झाड उगवत नाही. तर यांची ईस्ट एशियाटिक नावाची कंपनी होती, १८९७ ची, काढणारा अँडरसन आधी बँकॉकमध्ये धंदा करायचा, सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, साग जहाजाने युरोपात यायचा. मग दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या फर्निचरवाल्यांनी तो उचलला. पण साग ब्लेडं खातो ना, काका नेहमी शिव्या घालायचे, लाकडात वाळूसारखी सिलिका असते म्हणून. इथे फ्रान्स नावाचा एक इंग्रज होता, मूळचा गाद्यांच्या धंद्यातला, त्याने कार्बाइडच्या कडक दातांची ब्लेडं लावून कारखान्यात साग कापायला घेतला आणि फिन यूलसारख्या मोठ्या डिझायनरांचं फर्निचर ढिगाने परदेशी पाठवलं. माझं टेबल त्यांच्याकडचं नाही, खाली नुसता मेड इन डेन्मार्कचा शिक्का आहे, तेव्हा फार उडू नकोस.

आता मूळ गोष्ट. मशीन फिरवतोय, वर्तुळ जातंय, मी खूश, आणि कडेजवळ अचानक एक फिकट ठिपका. चार आण्याएवढा. मला वाटलं लाकडाचाच रंग असेल म्हणून अजून दोन हात मारले, तर ठिपका आठ आण्याचा झाला आणि त्यात चक्क भुशाचे दाणे दिसायला लागले. चिपबोर्ड! वर व्हिनियर, म्हणजे सागाचा नुसता पातळ पापुद्रा, एक मिलिमीटरसुद्धा नसेल. पाय अस्सल साग, कडेची लिपिंग पट्टी अस्सल साग, आणि मी नेमकी तीच पट्टी बघून सगळं भरीव समजलो. काकांनी आपल्याला शंभरदा सांगितलंय, वरची लाकडाची रेष कडेवरून खाली उतरते का बघ, उतरत नसेल तर पट्टी लावलीय. इतकं पाठ असून मी वाकून बघितलं नाही.

आधी चिडलो, फसवलं म्हणून. आपल्याकडे व्हिनियर म्हटलं की सुताराने टोपी घातली असंच वाटतं. पण दुसऱ्या दिवशी नीट बघितलं तर वरचे व्हिनियरचे तुकडे जोडताना रेषा अशा जुळवल्यात की सांधा बोटाला लागत नाही, आणि इतकी वर्षं हीटरच्या कोरड्या हवेत राहून फळी तसूभर वाकलेली नाही. भरीव फळी असती तर फुगली-आकसली असती, हे तूच मला तुमच्या दाराच्या वेळी समजावलं होतंस. म्हणजे बनवणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, अडाणी मीच.

आता एक प्रश्न. ठिपका झाकायला तिथल्यापुरता रंग भरू की तेवढा व्हिनियरचा तुकडा कापून बसवू? आणि जवसाचं तेल लावायचं म्हणतोय, पण तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप पेटतात ते आठवतंय, त्या पसरून वाळवीन, काळजी नको. तुमच्याकडचा चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, जरा कुणाबरोबर पाठवता आला तर बघ.

फोटो टाकतोय, काकांना दाखव. पाय दाखव, वेताचा कप्पा दाखव. ठिपक्यावर मी डबा ठेवलाय, तो उचलायला सांगितला तर नेट गेलं म्हण.

तुझा,
बंड्या