सतरंजीभोवतीचं घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून आला की तुमच्याकडे योगावर भरभरून छापून येतं. २०१५पासून दर २१ जूनला मैदानं भरतात, आमच्या बडोद्यातही. मला लिहायचं आहे ते २२ तारखेपासून घरातल्या बाईच्या सतरंजीचं काय होतं, याबद्दल.

मी ६३ वर्षांची, दांडिया बजारात राहते. अडीच खोल्या, पाच माणसं. माणिकरावांचा आखाडा हाकेच्या अंतरावर. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद त्यांच्याच हाताखाली घडले. तेव्हा योग सांगणाऱ्यांची इथे वानवा नाही. तरी घरी रोज करायचं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा सुटलं. मधे एका वर्गाला गेले. तिथे रक्तदाबाचं न विचारताच सर्वांगासन करायला लावलं. मान आठवडाभर धरली होती.

चौथ्यांदा मी एक केलं. सतरंजीवरून मधेच का उठावं लागलं, ते रोज वहीत लिहिलं. पंधरा दिवसांत आळस दोनदा. बाकी सगळं दूधवाला, नातवाचा डबा, ‘अगं, माझा चष्मा कुठे?’ चिकाटी नाही म्हणून मी स्वतःला उगाच दोष देत होते. ती वही मी ह्यांच्यापुढे ठेवली.

तेव्हापासून रात्री हे झोपाळ्याच्या कड्या सोडतात आणि पाट भिंतीशी उभा करतात. पुढच्या खोलीत तेवढीच जागा निघते. पहाटे ५.४० ते ६.०५ मला कुणी हाक मारायची नाही. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, थोडं शवासन. गुडघ्यांमुळे वज्रासन सोडलं. अनुलोम-विलोम अकरा वेळा, पण श्वास कोंडून धरायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं आहे. मग दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायचे. मन भाजीच्या हिशेबात शिरलं की पुन्हा एकपासून. कितीतरी दिवस मी सातच्या पुढे गेले नाही.

पतंजलींनी अभ्यास दृढ व्हायला तीन गोष्टी सांगितल्या: दीर्घकाळ, खंड न पडणं आणि सत्कार, म्हणजे आदर. हा आदर करणाऱ्याचा, हे खरंच. पण खंड पाडणारं घर असेल तर थोडा आदर घरानेही ठेवायला हवा, असं मला वाटतं. सुरतच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, १९०८च्या जानेवारीत, योगी विष्णु भास्कर लेले यांनी अरविंदबाबूंना, म्हणजे पुढच्या योगी अरविंदांना, ध्यानाला बसवलं ते ह्याच गावात, सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या मजल्यावर. भेटायला येणाऱ्यांपासून दूर, तीन दिवस. एवढ्या मोठ्या माणसालाही आधी कुणीतरी खोली मोकळी करून दिली होती. आमच्यासारख्यांना पंचवीस मिनिटं पुरतात.

म्हणून विनंती, यंदा आसनांच्या चित्रांशेजारी घरच्या माणसांसाठीही चार ओळी छापा: त्या वेळेत दार कोण उघडेल, दूध कोण घेईल, गॅसकडे कोण पाहील.

आमच्याकडे आता ६.१५ला सूनबाई त्याच सतरंजीवर बसते. तेवढा वेळ डबा मी भरते आणि बेल वाजायच्या आत दाराशी जाते.

आपली,
एक वाचक, दांडिया बजार, बडोदा