लंडनचं तिकीट वाचताना

ठाणे, १० नोव्हेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-लंडनच्या तिकिटावर जाताना साडेचार तास आणि येताना सव्वाचौदा कसे दिसतात, हे कोडं तुला पडलं ते बरं झालं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मुंबईहून रात्री २:००, लंडनला सकाळी ६:३०. डिसेंबरात ते आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास १० तासांचा. परतीला रात्री ९:३० ते दुसऱ्या दिवशी ११:४५, त्यातून साडेपाच वजा कर, उरतात पावणेनऊ. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच तासांचा. लेकीला फोन करताना हे ध्यानात ठेव.)

दहा आणि पावणेनऊ यांतला सव्वा तासाचा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर वेग हा हवेतला. समोरून शंभराचा वारा असला की जमिनीवर ८०० उरतात, पाठीशी असला की हजार होतात. ७,२०० किलोमीटरला जाताना ९ तास, येताना सव्वासात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या घिरट्या धर.

७,२०० हेही पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. तो दोरा पाकिस्तान आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं, पाकिस्तानने आपलं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केलं. वळसा आला की मिनिटं वाढतात.

दुबईमार्गे स्वस्त मिळतंय म्हणतोस. अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं, वेळ मात्र तीन-चार तासांनी: पुन्हा उतरणं, पुन्हा तपासणी, शिवाय मधला थांबा. दीड तासाचा थांबा घेऊ नकोस. पहिलं विमान तासभर रखडलं की दुसरं गेलंच. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू देत, म्हणजे पुढचं चुकलं तरी दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी काढलीस तर नुकसान तुझं.

आता खरी चूक होते ती तारखेची. १५ तारखेचं रात्री २चं विमान म्हणजे १४ला रात्री जेवून निघायचं. १५ला रात्री बॅगा घेऊन जाणारे लोक असतात, हसू नकोस. साताऱ्याहून १४च्या दुपारीच आमच्याकडे ये. विमानतळावर ११ला हवास, म्हणून मानपाड्याहून साडेनऊला गाडी. माजिवडा, तीन हात नाका, कांजूर, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, मरोळ. मोकळा रस्ता असेल तर पाऊण तास, पण घोडबंदरवर ट्रकांची रांग लागली की नाक्यापर्यंतच अर्धा तास जातो. चेक-इनचा काउंटर विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो, तिथे गयावया चालत नाही.

आणि तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय ते बघून लगेच कळव. बीओएम म्हणजे नेहमीचं मुंबई विमानतळ, एनएमआय म्हणजे उलव्याचं नवी मुंबई विमानतळ. एनएमआय असेल तर गाडी ऐरोलीमार्गे सांगावी लागेल.

तुझा,
अविनाश